ऑटोकॅड संथ चालते, पण दोष संगणकाचा की फाइलचा?

आपला प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे तो मला नीट कळला आहे की नाही हे आपल्याला पाहता येईल. आपण तालुक्याच्या गावी ऑटोकॅड या नकाशे काढण्याच्या सॉफ्टवेअरवर बांधकाम परवानगीचे नकाशे आणि भूखंडांचे लेआउट काढता. आपल्याकडे सातव्या पिढीच्या आय-सेव्हन प्रोसेसरचा डेस्कटॉप आहे, त्यात 8 जीबी रॅमची एक स्टिक आणि 1 टीबीची हार्ड डिस्क आहे, वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही. सर्वेक्षकाकडून आलेल्या फाइलवर आपण एका वसाहतीचा लेआउट तयार केला असून ती फाइल आता 60 एमबीच्या पुढे गेली आहे. तीत झूम करताना चित्र अडखळते, एखादी वस्तू कॉपी करायला पाच-सहा सेकंद लागतात आणि प्लॉटची विंडो उघडायला मिनिटभर थांबावे लागते. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर मात्र 13 टक्केच वापरात दिसतो, म्हणून प्रोसेसर निर्दोष आहे असा निष्कर्ष आपण काढला आहे आणि ग्राफिक्स कार्ड टाकले की सगळे सुरळीत होईल असे दुकानदाराचे म्हणणे आहे. ते कार्ड घ्यावे की सरळ नवा संगणकच घ्यावा, हा आपला प्रश्न आहे.

आज तरी माझे उत्तर ‘दोन्ही नको’ असे आहे. पण ते का, हे सांगितल्याशिवाय त्या उत्तराला काही किंमत नाही. मी 22 वर्षे नकाशांच्या कामात आहे. सुरुवातीला ड्राफ्ट्समन होतो आणि पुढे कार्यालयातील सगळे संगणक सांभाळण्याचे काम, कुणीतरी करायलाच हवे म्हणून, माझ्याकडे आले. या काळात ‘ऑटोकॅड हळू चालते’ ही तक्रार माझ्याकडे इतक्या वेळा आली आहे की आता मी पहिला प्रश्न संगणकाबद्दल विचारतच नाही. ते नेमके केव्हा हळू चालते, एवढेच विचारतो. सॉफ्टवेअर सुरू व्हायला वेळ लागणे, फाइल उघडायला वेळ लागणे, उघडलेल्या फाइलमध्ये काम करताना चित्र अडखळणे आणि प्लॉट किंवा सेव्ह करताना सगळे थिजून जाणे, या चार तक्रारींची कारणे बहुतेक वेळा चार वेगळ्या ठिकाणी असतात. आपण सांगितलेल्या तीन लक्षणांपैकी प्लॉटच्या विंडोचा ग्राफिक्स कार्डाशी काहीही संबंध नाही, कॉपीचा जवळजवळ नाही, आणि झूमचा असू शकतो, पण आपल्या फाइलचे वर्णन वाचून मला तिथेही शंका आहे.

आधी त्या 13 टक्क्यांबद्दल, कारण आपल्या सगळ्या तर्काचा पाया तो आकडा आहे. आपल्या प्रोसेसरमध्ये 4 कोअर (स्वतंत्रपणे काम करणारे भाग) आहेत आणि प्रत्येक कोअर विंडोजला दोन असल्यासारखा दिसतो, त्यामुळे विंडोजच्या हिशेबी 8 प्रोसेसर होतात. शंभराला आठाने भागले की साडेबारा येतात. म्हणजे आठांपैकी एक जण जीव तोडून राबत असेल आणि उरलेले सात जण हात बांधून बसले असतील, तर टास्क मॅनेजर नेमके 12 किंवा 13 टक्केच दाखवणार. ऑटोकॅडमध्ये रेंडरिंगसारखी काही कामे अनेक कोअरवर वाटली जातात हे खरे, पण रेषा काढणे, निवडणे, कॉपी करणे, फाइल वाचणे हे रोजचे काम बहुतांशी एकाच धाग्यावर, एकामागून एक होते. तेव्हा आपल्या संगणकाचा प्रोसेसर मोकळा नाही. ऑटोकॅडला जेवढा वापरता येतो तेवढा तो पूर्ण वापरात आहे. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स पानावरील आलेखावर उजवे बटण दाबून लॉजिकल प्रोसेसरचे आलेख वेगवेगळे करून पाहिले, तर त्यातला एखादा माथ्याला टेकलेला दिसण्याची शक्यता आहे. मात्र विंडोज तेच काम या कोअरवरून त्या कोअरवर हलवत असल्यामुळे तो प्रत्येक वेळी स्पष्ट दिसेलच असे नाही. यावरून एक गोष्ट अशी निघते की अधिक कोअरचा महागडा प्रोसेसर घेतला तरी या कामात फार फरक पडणार नाही; एका कोअरचा वेग अधिक असेल तरच पडेल. दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. त्या एका कोअरला कशाचे ओझे वाहावे लागते आहे, ते शोधून काढायला पैसे पडत नाहीत.

म्हणून पहिली चाचणी करावी. ऑटोकॅड बंद करून पुन्हा सुरू करावे, मूळ ‘ॲकॅडआयसो’ टेम्प्लेटवर कोरे ड्रॉइंग उघडावे, त्यात काहीशे रेषा, वर्तुळे, थोडे टेक्स्ट काढून झूम, कॉपी आणि प्लॉट करून पाहावे. त्यानंतर आपली 60 एमबीची फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन एखाद्या मित्राच्या बऱ्यापैकी नव्या संगणकावर उघडावी. कोऱ्या ड्रॉइंगमध्ये आपला संगणक सुरळीत चालला आणि मित्राच्या संगणकावर आपली फाइल तशीच रडली, तर दोष फाइलमध्ये आहे. उलट झाले, तर दोष संगणकात किंवा त्यावरील मांडणीत आहे. दोन्हीकडे थोडे थोडे अडले, तर दोन्हींत थोडा थोडा दोष आहे, आणि प्रत्यक्षात हेच बऱ्याचदा आढळते. या अर्ध्या तासाच्या खटाटोपाचा लोकांना कंटाळा येतो आणि मग ते थेट दुकानात जातात.

फाइल फुगते कशी, याचे मूळ आपल्या कामाच्या सवयीत आहे. बहुतेक लहान कार्यालयांत नवे काम कोऱ्या टेम्प्लेटवर सुरू होत नाही. मागच्या महिन्यातल्या कामाची फाइल उघडायची, ‘सेव्ह ॲज’ करायची, जुने पुसायचे आणि त्यावरच नवे काढायचे, अशी रीत असते, कारण लेयर (नकाशाचे एकावर एक ठेवलेले थर), डायमेन्शन स्टाइल, शीर्षकाची चौकट हे सगळे त्यात तयार मिळते. पण पडद्यावरून पुसलेल्या वस्तूंच्या व्याख्या फाइलमध्ये राहतातच. वापरात नसलेले ब्लॉक (एकदा काढून पुन्हा पुन्हा ठेवता येणारी चित्रे), लाइनटाइप, टेक्स्ट स्टाइल, कुठल्या तरी दुसऱ्या सॉफ्टवेअरने मागे ठेवलेल्या नोंदी, शेकडो निरुपयोगी ॲनोटेशन स्केल, असा गाळ पिढ्यान्‌पिढ्या एका फाइलमधून दुसरीत उतरत जातो. त्यातला सर्वांत उपद्रवी प्रकार मायक्रोस्टेशन या नकाशांच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या डीजीएन फाइलींमधून आलेल्या लाइनस्टाइलचा असतो. रस्ते, कालवे, रेल्वे यांच्या सर्वेक्षणात तो फाइलप्रकार बराच चालतो, तिथून रूपांतरित होऊन आलेल्या ड्रॉइंगमधून एक साधी रेष कॉपी-पेस्ट केली तरी तिच्यामागून या नोंदी आपल्या फाइलमध्ये शिरतात आणि वाढत राहतात.

माझ्याच कार्यालयात एका गृहसंस्थेच्या पार्किंगचे ड्रॉइंग 38 एमबीचे झाले होते. पडद्यावर पाहिले तर भिंती, खांब आणि गाड्यांच्या चौकटी, याखेरीज काही नव्हते. मी तीतले सर्व काही पुसून फाइल सेव्ह केली, तरी ती 36 एमबीचीच राहिली. रिकाम्या घराला एवढे वजन कशाचे, हे कळायला मला तेव्हा दोन दिवस लागले. डीजीएनच्या अनाथ नोंदी काढल्यावर तेच पूर्ण ड्रॉइंग 2 एमबीच्या आत आले. ही युक्ती आपणही करून पाहावी. फाइलच्या एका प्रतीत सर्व लेयर सुरू, थॉ (गोठवलेले असल्यास मोकळे) आणि अनलॉक करून सगळ्या वस्तू पुसाव्यात, सेव्ह करून आकार पाहावा. तो फारसा उतरला नाही, तर ओझे नकाशाचे नसून गाळाचे आहे, हे तिथेच सिद्ध होते.

साफसफाई करताना मूळ फाइलची एक प्रत वेगळ्या जागी ठेवावी, कारण पुढील काही कमांड परतीच्या वाटेच्या नाहीत. फाइल नेहमीसारखी न उघडता ‘रिकव्हर’ने उघडावी, नंतर ‘ऑडिट’ चालवून चुका दुरुस्त करण्यास होकार द्यावा. मग ‘पर्ज’च्या विंडोत शून्य लांबीच्या वस्तू, रिकामे टेक्स्ट आणि अनाथ माहिती या तिन्ही पर्यायांवर खूण करून सर्व काढावे, अलीकडच्या आवृत्त्यांत डीजीएनचा गाळही इथेच निघतो, जुन्या आवृत्त्यांसाठी ऑटोडेस्कने वेगळे साधन दिले होते. नोंदणीकृत ॲप्लिकेशनच्या नोंदी मात्र या विंडोत दिसत नाहीत, त्यांच्यासाठी कमांडच्या आधी आडवी रेघ देऊन ‘-पर्ज’ चालवावे लागते आणि त्यात रेगॲप्सचा पर्याय निवडावा लागतो. स्केलची यादी फार लांबली असेल, तर ‘स्केललिस्टएडिट’मध्ये जाऊन ती रीसेट करावी. एकावर एक बसलेल्या दुहेरी रेषा ‘ओव्हरकिल’ने निघतात, पण तिथे टॉलरन्सचा आकडा लहान ठेवावा आणि बंद पॉलिलाइनवर (अनेक तुकड्यांच्या एकसंध रेषेवर) नजर ठेवावी. परवानगीच्या छाननीसाठी भूखंडाच्या सीमा बंद पॉलिलाइनमध्ये लागतात आणि घाईत चालवलेल्या ओव्हरकिलने त्या उघड्या पडल्याचे मी पाहिले आहे. एवढे करूनही आकार उतरला नाही, तर सर्व वस्तू निवडून ‘डब्ल्यूब्लॉक’ने नव्या फाइलमध्ये लिहाव्यात; त्यात लागणाऱ्याच व्याख्या जातात आणि न वापरलेल्या मागे राहतात. मॉडेल स्पेसमधून, म्हणजे प्रत्यक्ष नकाशा काढतो त्या जागेतून, असे केल्यास लेआउटची (छपाईसाठी मांडलेली) पाने मागेच राहतात, ती नंतर टेम्प्लेटमधून आणावी लागतात, हे मात्र आधीच धरून चालावे.

आता पर्जने न निघणारे ओझे पाहू. हे वापरातले ओझे आहे, आणि झूम अडखळण्याचे कारण बहुधा यातच सापडेल. लेआउटच्या नकाशात झाडे असतात. इंटरनेटवरून उतरवलेल्या सुंदर झाडाच्या एका ब्लॉकमध्ये पानापानाची रेष असते. एका झाडात 2,000 रेषा धरल्या आणि वसाहतीत 300 झाडे लावली, तर संगणकाला 6 लाख रेषा काढाव्या लागतात. ब्लॉकची व्याख्या एकदाच साठवली जात असल्यामुळे फाइलचा आकार पाहून हे कळत नाही. आकार लहान आणि चाल संथ, असा तो प्रकार असतो. त्यात कुणी ती झाडे एक्स्प्लोड केली (ब्लॉक फोडून सुट्या रेषा केल्या) असतील, तर आकारही वाढतो. हिरवळीसाठी घातलेला बारीक स्केलचा हॅच (जागा भरणारी नक्षी), नदीकाठासाठीची वाळूची ठिपक्यांची नक्षी, पीडीएफमधून आयात केलेली रेखाचित्रे (2017च्या आवृत्तीपासून ही सोय आली आणि तिच्यासोबत हजारो तुकडे तुकडे झालेल्या रेषाही आल्या) आणि दर अर्ध्या मीटरवर बिंदू असलेल्या कंटूर (समान उंचीच्या) पॉलिलाइन, हे सगळे याच जातीचे आहेत. उपाय साधा आहे. कामाच्या वेळी झाडांच्या जागी वर्तुळात फुली असा ब्लॉक ठेवावा, हॅच आणि कंटूर वेगळ्या लेयरवर ठेवून ते लेयर फ्रीझ करावेत आणि प्लॉटच्या वेळी परत आणावेत. इथे ‘ऑफ’ आणि ‘फ्रीझ’ यांतील फरक लक्षात घ्यावा. ऑफ केलेला लेयर दिसत नाही, पण रीजनच्या, म्हणजे सगळे चित्र नव्याने उभे करण्याच्या वेळी संगणक त्याचा हिशेब करतोच. फ्रीझ केलेल्याचा करत नाही. वर्षानुवर्षे दिव्याचे चित्र टिचकावून लेयर ऑफ करणारे आणि तरीही गती का वाढत नाही म्हणून विचारणारे अनेक ड्राफ्ट्समन मला भेटले आहेत, आणि मीही एके काळी त्यांच्यातच होतो.

स्कॅन केलेल्या नकाशांचे तर विचारूच नये. मोजणी नकाशा किंवा विकास आराखड्याचे पान स्कॅन करून टिफ इमेज म्हणून खाली जोडण्याची आपल्याकडे सर्रास पद्धत आहे, आणि स्कॅन करणारा दुकानदार ‘चांगला’ स्कॅन म्हणून 600 डीपीआयचा (एका इंचात 600 बिंदूंचा) रंगीत स्कॅन देतो. ए-झिरो आकाराचे पान 600 डीपीआयवर सुमारे 56 कोटी बिंदूंचे होते आणि रंगीत असल्यामुळे मेमरीत उलगडल्यावर ते दीड जीबीहून अधिक जागा मागते. आपल्या एकूण रॅमचा तो जवळपास पाचवा हिस्सा झाला. तेच पान 200 डीपीआयवर, करड्या छटांत घेतले तर 60-65 एमबीत मावते आणि सीमारेषा टिपण्यासाठी तेवढी स्पष्टता पुष्कळ होते. इमेज ड्रॉइंगच्या आत नसते, ती फक्त जोडलेली असते, म्हणून हाही बोजा फाइलच्या आकारात दिसत नाही. सीमा टिपून झाली की इमेज अनलोड करावी. पुन्हा लागणारच नसेल तर डिटॅच करावी.

आपली फाइल सर्वेक्षकाकडून आली आहे, यावरून आणखी एक दाट शंका येते. टोटल स्टेशन किंवा डीजीपीएस या मोजणीच्या यंत्रांवरून आलेले बिंदू यूटीएम सहनिर्देशकांत (पृथ्वीचे पट्टे पाडून मीटरमध्ये स्थान सांगण्याच्या पद्धतीत) असतील, तर महाराष्ट्रात उत्तरेचा आकडा वीस लाख मीटरच्या आसपास असतो. (78 अंश रेखांशाच्या पश्चिमेचा आपला भाग विभाग 43 मध्ये आणि विदर्भाचा पूर्वेकडील भाग विभाग 44 मध्ये येतो, पण दोन्हीकडे या आकड्याचा अवाढव्यपणा तोच.) ऑटोकॅड स्वतः 15-16 अंकांपर्यंत अचूक हिशेब ठेवते, मात्र पडद्यावर चित्र काढणाऱ्या ग्राफिक्सच्या यंत्रणेत साधारणपणे 7 अंकांचीच अचूकता वापरली जाते. वीस लाखांच्या आकड्याला 7 अंकांत बसवायचे म्हटले, तर दोन लगतच्या मूल्यांत सुमारे 12 सेंटिमीटरचे अंतर पडते. मग वर्तुळे खडबडीत दिसतात, हॅच भरत नाही किंवा बाहेर सांडतो, झूम करताना रेषा थरथरतात. मिलिमीटरमध्ये काम करण्यासाठी कुणी ती फाइल हजारपट स्केल केली असेल, तर आकडे दोनशे कोटींवर जातात आणि दुखणे आणखी वाढते. लोक यावर यूसीएस (आपण ठरवलेले शून्य आणि अक्ष) हलवतात आणि शून्य जवळ आले असे समजतात, परंतु यूसीएसने फक्त आपला दृष्टिकोन हलतो, साठवलेले आकडे तसेच राहतात. त्यापेक्षा सर्वेक्षणाची फाइल न हलवता वेगळी ठेवावी, आपल्या कोऱ्या ड्रॉइंगमध्ये ती एक्सरेफ (बाहेरून जोडलेली फाइल) म्हणून जोडावी आणि जोडताना एखादा ओळखीचा खांब किंवा सीमादगड शून्याजवळ येईल अशा बेताने तिचा इन्सर्शन पॉइंट द्यावा. किती अंतर हलवले, ते नकाशातच एका न छापणाऱ्या लेयरवर लिहून ठेवावे, म्हणजे सहा महिन्यांनी आखणीसाठी मूळ सहनिर्देशक मागितले गेले की धावपळ होत नाही.

प्लॉटच्या विंडोचे निदान मी न पाहताही बऱ्याच खात्रीने करू शकतो. ती उघडताना ऑटोकॅड विंडोजमधील डीफॉल्ट प्रिंटरला आणि ड्रॉइंगच्या पेज सेटअपमध्ये नोंदलेल्या प्रिंटरला हाक मारते. तो प्रिंटर बंद असेल, नेटवर्कवर नसेल, किंवा फाइल दुसऱ्या कार्यालयातून आलेली असल्यामुळे तो आपल्याकडे कधी नव्हताच, तर उत्तराची वाट पाहत ती थांबून राहते. आमच्याकडे विकून टाकलेल्या एका प्लॉटरची नोंद दोन वर्षे ड्रॉइंगांमध्ये फिरत होती आणि प्रत्येक प्लॉटमागे चाळीस-पन्नास सेकंद खात होती. विंडोजला डीफॉल्ट प्रिंटर आपोआप बदलण्याची दिलेली मुभा बंद करावी, डीफॉल्ट म्हणून विंडोजमधला पीडीएफ प्रिंटर ठेवावा आणि पेज सेटअप मॅनेजरमध्ये जुने सेटअप काढून टाकावेत किंवा त्यातील प्रिंटर ‘नन’ करावा. सॉफ्टवेअर सुरू व्हायलाही वेळ लागत असेल, तर ऑप्शन्समधील फाइल्सच्या पानावर आता अस्तित्वात नसलेल्या सर्व्हरचे पत्ते उरले आहेत का, तेही पाहावे. कारण तेच आहे.

सेव्ह करण्याबाबत आपण तक्रार केलेली नाही, तरी जाता जाता सांगतो. समोरच्याकडे जुनी आवृत्ती आहे म्हणून ज्यांनी कायमचे 2007 किंवा 2010च्या प्रकारात सेव्ह करण्याची सोय लावून ठेवली आहे, त्यांच्या संगणकाला प्रत्येक सेव्हला पूर्ण फाइलचे रूपांतर करावे लागते. स्वतःच्या आवृत्तीत काम करून देण्यापुरती जुनी प्रत काढणे सोयीचे पडते. चालू कामाचे फोल्डर डेस्कटॉपवर असेल आणि डेस्कटॉप वनड्राइव्हला जोडलेला असेल, तर दर सेव्हला बदललेली फाइल वर चढवण्याची धडपड सुरू होते, तीही टाळावी.

एक गोष्ट तपासायला विसरू नये. ड्रॉइंगच्या फोल्डरमध्ये आपण न ठेवलेल्या ‘ॲकॅडडॉक’ किंवा ‘ॲकॅड’ नावाच्या लिस्प, फॅस किंवा व्हीएलएक्स प्रकारच्या फाइली दिसतात का? त्या बहुधा लपवलेल्या असतात, म्हणून विंडोजमध्ये लपलेल्या फाइली दाखवण्याचा पर्याय सुरू करून पाहावे. ऑटोकॅड उघडताना अशा नावांच्या फाइली आपोआप चालवते आणि या सोयीचा गैरफायदा घेणारे व्हायरस फोल्डरमागून फोल्डरमध्ये स्वतःच्या प्रती टाकत जातात. 2012मध्ये ‘ॲकॅड/मेड्रे.ए’ नावाचा असाच एक किडा उघडकीस आला, तो ड्रॉइंगच ईमेलने बाहेर पाठवत असे आणि त्याची लागण मुख्यतः पेरू देशात झाली होती. आपल्याकडे पेन ड्राइव्हवरून झिप फोल्डर फिरवण्याची रीत पाहता हे अगदी दूरचे संकट नव्हे. ‘सिक्युअरलोड’ हे चल (सेटिंग) 1 किंवा 2 वर ठेवले, तर अनोळखी फाइल चालवण्याआधी सॉफ्टवेअर विचारते किंवा नकार देते. विनापरवाना प्रत वापरात असेल, तर तिच्यासोबत काय काय आले आहे याची खात्री कुणीच देऊ शकत नाही आणि माझे वरचे निदानही तिथे लागू पडेलच असे नाही.

इथवर एक रुपयाही खर्च झालेला नाही, आणि आपल्या तीनपैकी किमान दोन तक्रारी इथेच मिटाव्यात अशी माझी अपेक्षा आहे. उरेल ते संगणकाचे. तिथेही आधी पाहायचे ते प्रत्यक्ष वेग. जड फाइलमध्ये सतत झूम करत असताना टास्क मॅनेजरमध्ये गिगाहर्ट्झचा आकडा पाहावा. आपल्या पिढीतल्या सर्वांत प्रचलित आय-सेव्हन डेस्कटॉप प्रोसेसरचा मूळ वेग 3.6 गिगाहर्ट्झ आहे आणि तो 4.2 पर्यंत चढतो. काम चालू असताना हा आकडा दोनच्या खाली घसरत असेल, तर एक तर विंडोजचा पॉवर प्लॅन बचतीचा आहे किंवा प्रोसेसर तापून स्वतःला आवरतो आहे. एप्रिल-मेमध्ये टिनाच्या छपराखालच्या कार्यालयात, धुळीने गच्च झालेल्या पंख्यासह, हे घडायला वेळ लागत नाही. कॅबिनेट उघडून धूळ काढणे आणि प्रोसेसरवरील वाळलेली थर्मल पेस्ट बदलणे हे काम कोणताही तंत्रज्ञ तासाभरात करतो.

मग हार्ड डिस्क. कंट्रोल-सीने क्लिपबोर्डवर कॉपी करताना ऑटोकॅड निवडलेल्या वस्तू आणि त्यांच्यासोबतच्या सगळ्या व्याख्या टेम्प फोल्डरमध्ये एका तात्पुरत्या फाइलमध्ये लिहिते, त्यामुळे गाळाने भरलेली फाइल, फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क आणि प्रत्येक नव्या फाइलला हुंगणारा अँटिव्हायरस, हे तिघे एकत्र आले की पाच-सहा सेकंद जाणे नवलाचे नाही. त्या क्षणी टास्क मॅनेजरमध्ये डिस्क 100 टक्के दिसत असेल, तर एसएसडी (फिरत्या तबकडीविना चालणारी वेगवान डिस्क) बसवावी आणि विंडोज, ऑटोकॅड व चालू कामे तिच्यावर ठेवावीत. मात्र तिने सुरू होणे, उघडणे, सेव्ह करणे वेगवान होईल. झूममध्ये तिच्यामुळे फरक पडेल अशी आशा धरू नये. रॅमचे म्हणाल, तर ऑटोकॅडसोबत ब्राउझर, व्हॉट्सॲप आणि दोन-चार पीडीएफ उघडे असताना 8 जीबी पुरत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. आणखी एक तशीच 8 जीबीची स्टिक योग्य स्लॉटमध्ये टाकली, तर एकूण 16 जीबी होईलच, शिवाय दोन मार्गांनी माहितीची ये-जा सुरू होईल. वेगळे कार्ड नसल्यामुळे आपले अंगभूत ग्राफिक्स याच रॅमवर जगते, म्हणून त्यालाही याचा थेट लाभ मिळतो.

ग्राफिक्स कार्डाबद्दल दुकानदार सर्वस्वी चूक आहे असे मी म्हणणार नाही. आपण त्रिमितीय मॉडेल फिरवत असाल, शेडेड दृश्यात काम करत असाल किंवा 4के मॉनिटर लावला असेल, तर कार्डाची गरज खरी आहे. पण द्विमितीय लेआउटसाठी ती शेवटी येते. ‘ग्राफिक्सकॉन्फिग’ कमांडने हार्डवेअर ॲक्सिलरेशन एकदा बंद आणि एकदा सुरू करून तीच फाइल झूम करून पाहावी. बंद केल्यावर काम अधिक सुरळीत होत असेल, तर दोष ड्रायव्हरमध्ये आहे, आणि तो चिप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून नवा घेऊन बसवावा. दोन्ही वेळा सारखेच अडखळत असेल, तर नवे कार्डही तेवढेच हतबल ठरण्याची शक्यता मोठी आहे, कारण थांबा प्रोसेसरच्या त्या एका कोअरपाशी आहे. तरीही कार्ड घ्यायचेच ठरले, तर कॅबिनेटमधील एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) किती वॉटचा आहे हे दुकानदाराला आधी पाहायला लावावे.

नव्या संगणकाचा विचार मी सरसकट फेटाळत नाही. सातव्या पिढीचे बहुतेक प्रोसेसर विंडोज 11च्या मान्य यादीत नाहीत आणि विंडोज 10चा नियमित आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला आहे, तेव्हा वर्ष-दोन वर्षांत हा संगणक बदलावा लागेल असे धरूनच आज त्यात पैसे घालावेत. त्या हिशेबाने एसएसडी वाया जात नाही, ती पुढच्या संगणकात काढून लावता येते. डीडीआर-4 रॅम मात्र नव्या डीडीआर-5 बोर्डावर बसणार नाही, म्हणून शक्य असल्यास ती वापरलेली, पण तपासून घ्यावी.

साफसफाईनंतर कोऱ्या ड्रॉइंगमधील प्लॉटची वेळ, फाइलचा आधीचा व नंतरचा आकार आणि कॉपी करताना डिस्कचा टक्का, एवढे आकडे कळवावेत. कॉपीची तक्रार एसएसडीनंतरही उरली, तर दुरून संगणक चालवण्याचे एखादे सॉफ्टवेअर मागे सुरू राहून क्लिपबोर्ड वाटून घेते आहे का, हे पाहावे लागेल. तसे काही आपल्याकडे असल्यास पुढच्या खेपेला त्याचाही उल्लेख करावा.